एका शॉटचा दंड आणि पुढचे तीन होल : स्पर्धेतल्या गोल्फरचं मन घडतं कसं?

मृण्मयी_के (२ जून, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. नवव्या वर्षापासून गोल्फ खेळते, सध्या हँडिकॅप ७, म्हणजे एका फेरीत पारपेक्षा (ठरलेल्या शॉटपेक्षा) साधारण सात शॉट जास्त. गेल्या रविवारी दोन दिवसांच्या ज्युनियर स्पर्धेची शेवटची फेरी होती. तेराव्या होलपर्यंत ती तिसऱ्या नंबरवर होती. चौदाव्याला ड्राइव्ह (पहिला लांब शॉट) उजवीकडे रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात गेला. ती बॉलपाशी पोचली, सात नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब) बॉलमागे टेकवलं आणि बॉल किंचित मागे सरकून गवतात बसला. जेमतेम बोटभर. सोबतच्या दोन्ही मुली फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) पलीकडे, त्यातली मार्कर (हिचा स्कोअर लिहिणारी) पाठमोरी. कोणीही पाहिलं नव्हतं. हिनं हात वर करून मार्करला बोलावलं, काय झालं ते सांगितलं, बॉल मूळ जागी ठेवला आणि एका शॉटचा दंड घेतला.

इथवर सगळं ठीक. पुढचं सांगते. चौदाव्याला दंड धरून डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त). पंधरावा पार पाच, तिथं रागारागानं मारलेला ड्राइव्ह ओबी (हद्दीबाहेर), एकूण आठ. सोळाव्याला तीन पट (कपाकडे ढकलायचे हलके शॉट), तिथं आणखी एक गेला. सहा शॉट गेले, त्यातला बॉल हलल्याच्या दंडाचा फक्त एक. शेवटी सहावी आली, तिसऱ्या नंबरपेक्षा चार शॉट मागे.

गाडीत एका जवळच्या नातेवाइकांचा फोन आला. स्पीकरवर होता. "कोणी बघितलं नव्हतं तर बोललीस कशाला?" ती काहीच बोलली नाही. रात्री माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "आई, मी सांगितलं ते बरोबरच होतं ना? मग मला इतका राग का आला?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतेय. स्विंग शिकवायला सर आहेत. हे कोण शिकवतं? शिकवता येतं का? की ते ज्याचं त्यानं घेऊन यायचं असतं?

---

खडूस_मास्तर (रात्री १०:३१)

ताई, पंधराव्या वर्षी स्वतःहून चूक सांगणारी मुलगी! आमच्या शाळेत पाठवा, दोन दिवस फळ्यासमोर उभी करतो. मुलांना बघू तरी दे.

---

अनिकेत७६ (रात्री ११:०२)

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. मुलीनं केलं ते चांगलंच. पण निवड स्कोअरवर होते, स्वभावावर होत नाही. बाकीची मुलं असं सगळं सांगतात का? क्रिकेटमध्ये आपण हे पाहिलेलं आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथनं बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि आपण दहा विकेटनी हरलो. माझे वडील तेव्हा स्टँडमध्ये होते, अजून हळहळतात.

---

कर्नल_देवदत्त (३ जून, सकाळी ६:४०)

अनिकेत, तुमच्या वडिलांना हेही विचारा, की त्या सामन्यातलं त्यांना आज दुसरं काय आठवतं.

मृण्मयीताई, तुमच्या लेकीबाबत जे घडलं ते जवळपास तसंच १९२५ च्या यूएस ओपनमध्ये वुस्टरला अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्सबाबत घडलं होतं. पहिलीच फेरी, अकरावा होल, बॉल रफमध्ये. क्लब टेकवताना बॉल हलला असं त्याला वाटलं. बाकी कोणी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोपवला आणि त्यानं एक शॉट स्वतःवर लावून घेतला. ७२ होलनंतर तो आणि विली मॅकफर्लेन बरोबरीत आले. १८ होलचा प्ले-ऑफ झाला, तोही बरोबरीत. मग पुन्हा १८. त्यात जोन्स एका शॉटनं हरला. तो एक शॉट कुठे गेला होता, हे मोजायला फार हुशारी लागत नाही. लोकांनी कौतुक केलं तर तो म्हणायचा, बँक लुटली नाही म्हणून कोणाची पाठ थोपटाल का?

पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हाच जोन्स पोरवयात क्लब फेकणारा म्हणून बदनाम होता. १९२१ ला सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनमध्ये बंकरातून बॉल निघेना म्हणून त्यानं स्वतःचं स्कोअरकार्ड फाडलं आणि स्पर्धेतून बाद झाला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. १९२७ ला त्याच सेंट अँड्र्यूजवर तो ओपन जिंकला. १९३० मध्ये एका वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढे त्याच गावानं त्याला नागरिकत्वाचा मान दिला. प्रामाणिकपणा त्याच्याकडे आधीपासून असेल, रागावरचा ताबा मात्र त्यानं कमावला. एकाच माणसात या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी आल्या. तुमच्या लेकीकडे पहिली आत्ताच आहे.

---

शेरलॉक_होळकर (सकाळी ८:१२)

एक शंका. आता बॉल हलला तर दंड नसतो ना? २०१९ ला नियम बदलले असं ऐकलं होतं.

---

कर्नल_देवदत्त (सकाळी ८:५०)

ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चुकून हलला तर दंड नाही, परत ठेवायचा. शोधताना चुकून पाय लागला तरी नाही. पण रफमध्ये किंवा फेअरवेवर आपल्यामुळे हलला तर एक शॉट दंड आणि बॉल मूळ जागी. नुसता जागच्या जागी डुलला तर हललेला धरत नाहीत. जागा सोडून दुसरीकडे थांबला आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसलं, तर हलला. मुलीनं केलं ते पूर्ण नियमाप्रमाणे.

बॉल परत न ठेवता तशीच खेळली असती आणि नंतर लक्षात आलं असतं तर एकूण दोन शॉट.

---

अमोल_कॅरी (सकाळी ९:०५)

ग्रीनचा हा नियम बदलायला अमेरिकन गोल्फर डस्टिन जॉन्सनचं प्रकरण बरंच कारणीभूत आहे. २०१६ ची यूएस ओपन, ओकमाँट, शेवटची फेरी, पाचवं ग्रीन. पट मारायच्या तयारीत असताना बॉल किंचित हलला. त्यानं लगेच अधिकाऱ्याला सांगितलं, मी हलवला नाही. अधिकारी म्हणाले, खेळा. मग बाराव्या टीवर (होल सुरू करायच्या जागी) येऊन सांगितलं की कदाचित एक शॉट लागेल, फेरी संपल्यावर ठरवू! म्हणजे पुढचे सात होल आपला स्कोअर किती आहे हेच त्याला नक्की ठाऊक नव्हतं. बरं, आदल्याच वर्षी चेंबर्स बे इथं शेवटच्या ग्रीनवर बारा फुटांवरून तीन पट करून त्यानं हीच स्पर्धा एका शॉटनं घालवली होती. ओकमाँटला मात्र दंड धरूनही तीन शॉटनी जिंकला.

तो जिनियस वगैरे नाही दिसत मुलाखतीत. पण विसरण्याची ताकद जबरदस्त.

---

येरवडेकर (सकाळी ११:२०)

ताई, मी पुण्यातच एका कोर्सवर बावीस वर्षं कॅडी होतो. आता रेंजवर (सरावाच्या मैदानावर) पोरांना हाताखाली घेतो. शिक्षण दहावी, पण बॅगा लई उचलल्यात. मला समजलं ते सांगतो.

शॉट मारायला किती वेळ लागतो? क्लब मागं गेल्यापासून बॉल उडेपर्यंत दीड सेकंद धरा. ऐंशी शॉट म्हणजे दोन मिनिटं. आणि फेरी चार-साडेचार तासांची. बॉलपाशी उभं राहून बघणं, क्लब निवडणं हे धरलं तरी तासभर. उरलेले तीन तास माणूस नुसता चालतो. सात-आठ किलोमीटर. खेळाडू मोडतो तो चालताना मोडतो. स्विंगमधी ते नंतर दिसतं.

मी काय करायचो ते सांगतो. वाईट शॉट गेला की साहेब लगेच म्हणायचे, काढ पाच नंबर. मी देत नसे. बॅग उचलायची आणि चालायला लागायचं. बॉलपाशी पोचल्याशिवाय चेन उघडायची नाही. रागात मागितलेला क्लब कायम एक क्लब मोठा असतो, म्हणजे हवा त्यापेक्षा लांब मारणारा. लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे ग्लोव्ह. शॉट झाला की ग्लोव्ह काढायचा. वेल्क्रोचा चर्रर आवाज आला की तो शॉट संपला, चांगला असो की वाईट. ग्लोव्ह मागच्या खिशात, बोटं बाहेर लोंबती. पुढच्या बॉलपाशी गेल्यावर, लाय (बॉल कसा बसलाय ते) बघून झाल्यावर, क्लब ठरल्यावर परत घालायचा. वेल्क्रो लावलं की नवीन शॉट सुरू. मधल्या वेळात झाडं बघ, पक्षी बघ, माझ्याशी गावच्या गप्पा मार. तुमची मुलगी ग्लोव्ह कधी काढते? बघून सांगा.

---

मृण्मयी_के (दुपारी १:१०)

येरवडेकर दादा, आत्ता तिचे मोबाईलवरचे जुने व्हिडिओ काढून पाहिले. ती ग्लोव्ह फक्त पटिंगला काढते. त्या रविवारी चौदाव्यापासून सोळाव्यापर्यंत तर पटिंगलाही काढला नव्हता. फोटोत दिसतंय. मी हे कधी पाहिलंच नव्हतं.

---

खडूस_मास्तर (दुपारी १:२५)

येरवडेकर, दहावी म्हणता आणि मानसशास्त्राचा तास घेता! बाकी गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ असं आम्ही आजवर समजत होतो. मन वगैरे ज्याचं पोट भरलंय त्यानं सांभाळावं.

---

येरवडेकर (दुपारी २:००)

मास्तर, महाग आहे हे खरं. नाही म्हणणार नाही. एका चांगल्या बॉलच्या किमतीत घरातली दोन दिवसांची भाजी येते. पण अली शेर ठाऊक आहे का? दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होता, १९९१ ला इंडियन ओपन जिंकला, ९३ ला परत. एसएसपी चौरासिया कोलकात्याच्या कोर्सवर गवत राखणाऱ्याचा मुलगा. २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. बंगळुरूचा चिक्करंगप्पा कोर्सवर बॉल गोळा करणाऱ्या पोरांतला. आम्ही कॅडी लोक ह्यांची नावं देवासारखी घेतो.

आणि मनाचं म्हणाल तर, आम्ही एका लोखंडी क्लबवर चौघं खेळायचो, सोमवारी, कोर्स बंद असताना. पन्नास रुपये लावून. खिशात वीसच असायचे. त्या पटला जो हात थरथरला नाही तो कुठंच थरथरत नाही.

---

खडूस_मास्तर (दुपारी २:०६)

शब्द मागे घेतला. ही माहिती नव्हती. लिहीत राहा.

---

डॉ_सायली (सायंकाळी ७:४५)

मुंबईत खेळाडूंबरोबर मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. धागा वाचून थांबवेना.

आधी तिच्या प्रश्नाबद्दल, कारण तो फार नेमका आहे. "बरोबर केलं तर राग का आला?" आपण योग्य वागलो की मनाच्या कोपऱ्यात एक अपेक्षा तयार होते, की आता याची भरपाई व्हावी. पुढचा शॉट तरी चांगला पडावा, निदान बॉलला चांगली लाय मिळावी. कोर्सला हे माहीत नसतं. भरपाई मिळाली नाही की वाटतं, माझ्यावर अन्याय झाला. तिचा राग दंडावर नव्हताच, न मिळालेल्या भरपाईवर होता. हे तिला असंच सांगा. पंधरा वर्षांच्या मुलीला नीट कळतं.

दुसरं, शिकवता येतं का? येतं, पण भाषणानं येत नाही. "शांत राहा" हे वाक्य आजवर कोणाच्या उपयोगी पडलेलं मी पाहिलं नाही. शरीराला काहीतरी ठोस काम द्यावं लागतं. येरवडेकरांचा ग्लोव्ह हे अगदी तेच आहे. स्वीडनच्या पिया नील्सन आणि अमेरिकेच्या लिन मॅरियट या दोन प्रशिक्षकांनी स्वीडनच्या अॅनिका सोरेनस्टॅमसारख्या खेळाडूंबरोबर काम करताना एक साधी कल्पना वापरली. बॉलच्या मागे एक रेघ कल्पायची. रेघेच्या मागे विचार करायचा: वारा, अंतर, क्लब. रेघ ओलांडली की विचार बंद, फक्त खेळायचं. शंका आली तर परत मागे. २००१ मध्ये अॅनिका एक फेरी फक्त ५९ शॉटमध्ये संपवणारी एलपीजीएची (महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेची) पहिली खेळाडू ठरली, ती ह्याच घडणीतली.

घरी करण्यासारखं एक सांगते. सरावाच्या फेरीत स्कोअर लिहायचाच नाही. कार्डावर प्रत्येक शॉटसाठी एक टिंब. रेघेमागे थांबले, ठरवलं, श्वास सोडला आणि मग मारला तर भरीव टिंब. घाईत मारला तर पोकळ. बॉल कुठे गेला याचा टिंबाशी संबंध नाही. झाडात गेलेल्या बॉललाही भरीव टिंब मिळू शकतं. सुरुवातीला मुलांना हे पटत नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर स्वतःच पोकळ टिंबं मोजायला लागतात, आणि ती बहुतेक वेळा वाईट शॉटच्या लगेच पुढे सापडतात.

---

कर्नल_देवदत्त (रात्री ९:१०)

डॉक्टर, आदरपूर्वक असहमती. आमच्या वेळी राग दाखवायचाच नाही असं शिकवलं. चेहरा दगडासारखा. समोरच्याला काही कळता कामा नये. आणि ते उपयोगी पडतं.

---

डॉ_सायली (रात्री ९:४०)

कर्नल साहेब, चेहरा दगडासारखा ठेवायला माझी ना नाही. पण आतला राग दाबला की तो हातात उतरतो. ग्रिप आवळली जाते, मनगट आखडतं आणि तीन फुटांचा पट उजवीकडे जातो. काहीजणांत ही भीती इतकी मुरते की छोट्या पटला हात झटका देतो. जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगरला हे एकदा नाही, अनेकदा झालं. दर वेळी ग्रिप बदलून तो परत आला. १९९१ च्या रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका) शेवटच्या सामन्यात त्याचा सहा फुटांचा पट चुकला आणि युरोप हरलं. पुढच्याच आठवड्यात तो जर्मन मास्टर्स जिंकला. त्याला वाईट वाटलं नसेल असं नाही. ते वाईट वाटणं त्यानं पटरपर्यंत नेलं नाही.

---

येरवडेकर (रात्री ९:५५)

दोघंही बरोबर. राग येऊ द्या. पण बॅगेपर्यंतच. क्लब बॅगेत गेला की राग पण बॅगेत.

---

राधानगरीकर (४ जून, सकाळी ७:३०)

कोल्हापूरकडचा रायफल नेमबाज आहे, राज्य पातळीपर्यंत खेळलोय. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं तेव्हा आमच्या तालुक्यात दिवाळी झाली की ओ.

आम्हाला पण साठ गोळ्या एकेक करून माराव्या लागतात. नऊ पडला की पुढची गोळी दहाची मारायची ओढ लागते आणि तिथंच घात. पण आमचं एक सोपं आहे. जागा तीच, अंतर तेच. गोल्फमधी प्रत्येक बॉल नवीन जागी. बंकरात पावलाचा ठसा, त्यात बॉल. त्यात तुमची काय चूक? म्हणून मला वाटतं गोल्फवाल्याला नशीब पचवायला शिकावं लागतं, आम्हाला फक्त स्वतःला.

ड्राय फायर म्हणजे गोळी न भरता रोज शंभर वेळा ट्रिगर. बॉल न ठेवता ते टिंबाचं रुटीन घरात करता येईल का, डॉक्टर?

---

डॉ_सायली (सकाळी ८:१५)

अगदी करता येईल. सतरंजीच्या काठाला रेघ समजायचं. रोज वीस वेळा. छान सुचवलंत.

---

गोदाकाठ (सकाळी १०:००)

नाशिकहून. आपला गोल्फर अनिर्बन लाहिरीचा उल्लेख अजून कसा नाही? जन्म पुण्याचा. २०१५ ला पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा. मार्च २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपला दुसरा आला, कॅमेरॉन स्मिथच्या फक्त एक शॉट मागे. तो विपश्यना करतो आणि उघडपणे सांगतो. आमच्या जिल्ह्यात इगतपुरीला मोठं केंद्र आहे. मुलांसाठी आनापानाचे छोटे वर्ग असतात, नुसतं श्वासाकडे पाहायचं. लेकीला जरूर पाठवा.

फक्त एक विनंती. मी स्वतः दहा दिवसांची तीन शिबिरं केली आहेत. स्कोअर खाली आणायचं औषध म्हणून पाठवू नका. असं ठरवून बसलेला माणूस दुसऱ्या दिवशीच विचारतो, फरक कधी पडणार?

---

अनिकेत७६ (सकाळी ११:१५)

मी अजूनही म्हणतो, स्पर्धेत शेवटी आकडा बोलतो. लाहिरी दुसरा आला. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला चौथी आली. पदक नाही. मन शांत होतं हे मान्य, पण पदक नाही.

---

सुगरण_शमा (सकाळी ११:४०)

अनिकेत, असं नका बोलू हो. मला गोल्फचं ओ की ठो कळत नाही. पण ७ ऑगस्ट २०२१, शनिवार, पहाटे उठून आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर बसले होते. जगात दोनशेव्या नंबरची मुलगी, शेवटच्या दिवशी पदकाच्या रांगेत. बॅग कोण उचलत होतं? तिची आई! नेली कोर्डा १७ अंडर (पारपेक्षा १७ कमी), दोघी १६ अंडर, आपली अदिती १५ अंडर. एका शॉटनं ब्राँझ हुकलं. त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी बोगी आणि बर्डी हे दोन शब्द शिकले. दोन्ही पक्ष्यांची नावं आहेत असं त्यांना वाटलं होतं. :)

---

अमोल_कॅरी (सायंकाळी ६:३०)

अनिकेत, आकड्यांचीच गोष्ट सांगतो.

१६ जून २०२४ ला मी पाइनहर्स्टला होतो, यूएस ओपनचा शेवटचा दिवस. इथे अमेरिकेत आमच्या घरापासून तासाभरावर. उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय पुढे होता. सोळाव्याला अडीच फुटांचा पट चुकला. मी अठराव्या ग्रीनच्या कडेला उभा होतो. तिथं चार फुटांच्या आतला पट कपाला वळसा घालून गेला. माझ्या शेजारच्या माणसानं टोपी काढली आणि डोळ्यांवर धरली. कोणी ओरडलं नाही. हजारो माणसं आणि एकदम शांतता. अमेरिकेचा ब्रायसन डिशॅम्बो एका शॉटनं जिंकला.

रोरीचं हे पहिल्यांदा नव्हतं. २०११ च्या मास्टर्सला चार शॉटची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी ८० मारले. आणि दोन महिन्यांनी यूएस ओपन आठ शॉटनी जिंकला. त्यानंतर मास्टर्सनं त्याला चौदा वर्षं ताटकळत ठेवलं. १३ एप्रिल २०२५ ला पहिल्याच होलवर डबल बोगी. तेराव्याला पुन्हा डबल. अठराव्याला पाच फुटांचा पट घातला की जिंकला, तोही चुकला! टीव्हीसमोर मला पाइनहर्स्टच दिसत होतं. तिथून तो अठराव्याच्या टीवर परत गेला, प्ले-ऑफमध्ये बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) मारली आणि गुडघ्यांवर कोसळून रडला. आजच्या चारही मेजर (सर्वात मोठ्या स्पर्धा) जिंकणारा सहावा खेळाडू.

हे त्याला एका दिवसात आलेलं नाही. आणि तो दर वेळी चुकणारच नाही असंही नाही. माझा मुलगा इथल्या हायस्कूल संघात खेळतो. त्याच्या प्रशिक्षकांनी पालकांच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं, की कॉलेजचे लोक बघायला येतात तेव्हा सर्वात जास्त लक्ष वाईट शॉटनंतरच्या पन्नास पावलांकडे देतात. स्कोअर तर इंटरनेटवरही दिसतो.

---

अनिकेत७६ (सायंकाळी ७:२०)

हा मुद्दा पटला, अर्धा. पण मी वडिलांना विचारलं, कर्नलसाहेब. त्या कसोटीतलं दुसरं काय आठवतं म्हणून. बोथमच्या विकेटी आठवतात म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि विशी हात हलवून टेलरला परत बोलावत होता, ते." बस, एवढंच सांगायचं होतं.

---

येरवडेकर (रात्री ८:१०)

मृण्मयीताई, एक विचारू का? राग मानू नका. चौदाव्या होलला तुम्ही कुठं उभ्या होता? आणि पंधराव्याला ओबी गेल्यावर?

---

मृण्मयी_के (रात्री १०:५०)

दादा, हा प्रश्न वाचून दोन तास लॅपटॉप बंद करून बसले होते.

पंधराव्याला मी गुलमोहराखाली होते, तिचे बाबा माझ्या शेजारी. बॉल कुंपणापलीकडे गेला तेव्हा यांनी कपाळावर हात मारला. मी मान फिरवली. आणि त्याच क्षणी तिनं आमच्याकडे पाहिलं. मला ते तेव्हाच कळलं होतं, पण इथे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही. आता लिहिते. तिनं दुसरा बॉल खाली ठेवला तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

---

येरवडेकर (रात्री ११:०५)

ताई, सगळे आईबाप करतात. मी माझ्या पोराच्या मॅचला जातच नाही, बायको जाते. ती स्वेटर विणत बसते. पोरगा बघतो तर आई टाके मोजतीय. त्याला बरं वाटतं.

तुम्ही दोघं एक होल पुढं चालत जा. शॉट मारताना तिच्या मागं नको. ती ग्रीनवर येईल तेव्हा पाण्याची बाटली द्या, स्कोअर विचारू नका. गाडीत जेवणाचं बोला. तिला बोलायचं असलं तर ती काढेल विषय.

---

कर्नल_देवदत्त (५ जून, सकाळी ६:१५)

आणि त्या नातेवाइकांचा फोन स्पीकरवर घेऊ नका.

---

राधानगरीकर (सकाळी ६:२०)

+१००

---

मृण्मयी_के (२९ जून, रात्री ९:३०)

धागा वर आणतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं.

तिनं टिंबांची वही केली आहे. पहिल्या फेरीत ८४ पैकी ५१ भरीव. चिडून म्हणाली, डॉक्टरताई खोटं बोलतात, हे जमतच नाही. चौथ्या फेरीत ६८. रोज रात्री हॉलमधल्या सतरंजीपाशी उभी राहते, धाकटा भाऊ मध्येच काठावर येऊन लोळतो. इगतपुरीबद्दल तिला सांगितलंय, दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणाली.

परवा एक दिवसाची स्पर्धा होती, अठरा होल, सकाळी पाऊस पडून गेलेला. आम्ही दोघं एक होल पुढे. सातव्याला तिचा बॉल बाभळींच्या मागे गेला. लांबून मला फक्त एवढं दिसलं, की तिनं ग्लोव्ह काढला, मागच्या खिशात कोंबला आणि चालताना कॅडीला वर काहीतरी दाखवलं. नंतर कळलं, भारद्वाज होता. पुढे जायला फटच नव्हती, म्हणून तिनं बॉल आडवा फेअरवेवर काढला आणि बोगीवर समाधान मानलं. आधी असती तर फांद्यांतून मारला असता. सोळाव्याला मात्र परत तोल गेला, दोन शॉट घाईत. ८१. नंबर आला नाही.

गाडीत यांनी विचारलं, वडापाव की मिसळ. ती म्हणाली मिसळ. कात्रज येईपर्यंत स्कोअरचं कोणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, "बाराव्याला वाटलं बॉल हलला. वाकून बघितलं. नुसता डुलला होता. तरी मार्करला बोलावून दाखवला." मी विचारलं, मग राग आला का? म्हणाली, "वेळ कुठे होता? ग्लोव्ह घालायचा होता."

अनिकेत, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. येरवडेकर दादा, पुढची स्पर्धा १४ जुलैला आहे, त्याआधी येत्या रविवारी तिला तुमच्या रेंजवर आणते. आणि चांगला ग्लोव्ह कुठे मिळेल तेही सांगा. चार आठवड्यांत हिच्या ग्लोव्हचं वेल्क्रो पार गेलंय.